पुराने बांधलेली वाट

जुन्या महाबळेश्वरातल्या पंचगंगा मंदिरात एकाच गोमुखातून पाच नद्यांचे पाणी पडते, असे मानतात. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी भूगोल फारसे वेगळे सांगत नाही. कृष्णा आणि सावित्री खरोखरच एकाच पठाराच्या दोन कडांवरून निघतात. पाऊस दोघींच्या वाट्याला सारखाच येतो आणि पायाखालचा काळा कातळही एकच. पण सावित्रीच्या पाण्यासोबत खाली उतरायचे ठरवले तर दोर, जाणता वाटाड्या आणि धडधाकट गुडघे लागतात. कृष्णेला वाईच्या खाली यातले काहीच लागत नाही. वाई, संगम माहुली, कऱ्हाड, औदुंबर, सांगली, नरसोबाची वाडी, कुठेही गाडीतून उतरावे आणि आजीला व नातवाला बरोबर घेऊन साध्या चपलांनी काठाकाठाने तासभर फिरून यावे. दोघी एकाच घरच्या, मग चालणाऱ्याला इतकी वेगळी वागणूक का?

‘सह्याद्रीच्या पश्चिमेला कडा आहे आणि पूर्वेला पठार’ हे उत्तर शाळेतच मिळालेले असते. ते खरे आहे, पण अर्धेच. नदीचा उतार मंद असला म्हणून तिचा काठ सपाट असतोच असे नाही. पठारावरच्याच कितीतरी ओढ्यांचे काठ खाचखळग्यांनी आणि घळींनी इतके भरलेले असतात की दहा पावले सरळ टाकता येत नाहीत. कृष्णाकाठची पायाला सुखावणारी सपाटी तयार करावी लागली आहे आणि ते काम पुराने केले आहे. हे एकदा नीट समजले की या काठावर कधी चालावे, कोणत्या उंचीवरून चालावे आणि तिथे काय बांधू नये, हे तिन्ही प्रश्न एकाच धाग्याने सुटतात.

समुद्र किती लांब आहे?

आधी त्या अर्ध्या उत्तराकडे पाहू. महाबळेश्वरचे पठार समुद्रसपाटीपासून साधारण 1,350 मीटर उंच आहे. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम 65 किलोमीटरवर. सावित्री त्या बाजूला उतरते आणि पहिल्या काही किलोमीटरांतच हजार मीटरांहून जास्त उंची गमावते. पोलादपूरला पोचेपर्यंत तिचे उतरण्याचे काम जवळजवळ संपलेले असते. पुढे महाडपासून बाणकोटच्या खाडीपर्यंत तिच्यात भरतीचे पाणी शिरते. त्यामुळे सावित्रीचा काठ वर कडा असतो आणि खाली चिखलाची खाजण. मधला, रमतगमत चालण्याजोगा पट्टा तिच्या वाट्याला फार थोडा आला आहे.

कृष्णा मात्र पूर्वेला तोंड करून निघते आणि बंगालच्या उपसागराला मिळण्यासाठी सुमारे 1,400 किलोमीटर चालते. उंची तेवढीच उतरायची, पण त्यासाठी अख्ख्या द्वीपकल्पाची रुंदी हाताशी. तिची मोठी उडी सुरुवातीलाच संपते. वाई सुमारे 720 मीटरांवर आहे, म्हणजे पठारापासून तिथवर सहाशेहून अधिक मीटर उतरून झालेले असतात. वाईपासून सांगली नदीच्या वाटेने दीडशे किलोमीटरांहून लांब आहे आणि सांगलीची उंची साधारण 550 मीटर. हिशेब केला तर दर किलोमीटरला जेमतेम एक मीटर उतार पडतो. इतका उतार माणसाच्या पायाला कळतच नाही. पाण्याला मात्र तो पुरेपूर कळतो. तीव्र उतारावर नदी सापडेल ते खरवडून पुढे ढकलते, उतार मंदावला की हातचे ओझे खाली ठेवू लागते. वाईच्या खालची कृष्णा ही ओझे ठेवणारी नदी आहे. पुढची सगळी गोष्ट त्या ओझ्याची.

गाळ सपाट का बसतो?

पावसाळ्यात नदी गढूळ होते, ती त्यात माती, रेती आणि गोटे असतात म्हणून. पाणी किती मोठा कण उचलू शकते, हे त्याच्या वेगावर ठरते. पात्रात असेपर्यंत पुराचे पाणी खोल आणि वेगवान असते. ते काठ ओलांडून बाजूच्या जमिनीवर पसरते तेव्हा उथळ होते, झाडाझुडपांना आणि पिकांना अडते, आणि वेग एकदम पडतो. मग जाड रेती आधी खाली बसते, तीही पात्राच्या जवळ. बारीक माती आणखी आत जाऊन साचलेल्या पाण्यातून हळूहळू निवळते. खड्ड्यात पाणी जास्त खोल असते आणि जास्त दिवस थांबते, म्हणून तिथे गाळही जास्त बसतो. उंचवट्यावर तो कमी बसतो किंवा बसतच नाही. असे शेकडो वेळा झाले की खड्डे भरून येतात आणि जमीन एका पातळीत येते. गावकरी जिला मळई म्हणतात आणि जिच्यात वांगी नि कलिंगडे पिकवतात, ती हीच ताजी जमीन.

पण कृष्णेचा काठ एकाच सपाटीचा नाही. नीट पाहिले तर त्याला पायऱ्या दिसतात. सगळ्यात खाली पात्रातला कातळ, गोटे आणि वाळू. त्यावर पुरुष-दोन पुरुष उंचीची, दरवर्षी पाण्याखाली जाणारी मळई. तिच्या मागे उभी मातीची दरड आणि दरडीच्या माथ्यावर पुन्हा विस्तीर्ण सपाटी. तिथे जुनी गावे, देवळे आणि वडा-पिंपळांची मोठी झाडे. ही वरची सपाटीही गाळाचीच आहे, पण फार जुन्या काळची. नदी तेव्हा त्या उंचीवर वाहत होती. पुढे तिने आपले पात्र खोल कापले आणि जुना काठ वर तसाच राहिला. महाराष्ट्रातल्या नद्यांचे असे जुने काठ हजारो, कुठे कुठे लाखांत मोजावी लागतील इतक्या वर्षांपूर्वीचे आहेत. प्रवरेकाठी नेवाशाला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली, ती अशाच गाळात आणि गोट्यांच्या थरांत.

चालणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की कृष्णाकाठी एकावर एक अशा दोन वाटा आहेत. खालची नवी, पाण्याच्या जवळची, दरवर्षी पुसली जाऊन पुन्हा उमटणारी. वरची जुनी, सावलीची, क्वचितच भिजणारी. दोन्ही वाटा सपाट आहेत आणि दोन्ही पुराच्याच आहेत. फरक आहे तो पुरांमधल्या अंतराचा.

वळणाचे दोन काठ

नदी सरळ क्वचितच वाहते आणि चालताना सर्वांत जास्त काही दिसते ते वळणावर. एका बाजूला भिंतीसारखी उभी दरड, समोरच्या बाजूला हळूहळू पाण्यात उतरत जाणारी वाळू. प्रत्येक वळणावर दरड बाहेरच्या अंगाला आणि वाळू आतल्या अंगाला, हे ठरलेले. असे का, याचे सोपे उत्तर चहाच्या पेल्यात मिळते. तळाशी चहापत्ती राहिलेला पेला चमच्याने ढवळा. पत्ती भोवंड्याने कडेला फेकली जाईल असे वाटते, पण ती तळाच्या मधोमध गोळा होते. कारण वरचे पाणी वेगाने फिरून कडेकडे दाबले जाते, तर तळाचे पाणी पेल्याला घासून मंद होते. कडेला झालेल्या दाबापुढे हे मंद पाणी टिकत नाही. ते तळातून मध्याकडे ढकलले जाते आणि पत्तीला सोबत नेते. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी 1926 साली नद्यांच्या वळणांवर लिहिलेल्या एका छोट्या लेखात हेच उदाहरण घेतले होते.

पेल्याची कड म्हणजे वळणाचा बाहेरचा काठ, असे समजा. वरचे वेगवान पाणी बाहेरच्या काठावर आदळते, खाली घुसते, काठाचा पाया पोखरते आणि तळातून आतल्या काठाकडे येताना वाळू आणून टाकते. म्हणून बाहेरच्या बाजूला डोह आणि आतल्या बाजूला वाळवंट. नदी एका काठाचे काढते आणि दुसऱ्याला देते. आपण चाललो आहोत तो काठ देणारा की घेणारा, हे ओळखता आले की अर्धी सुरक्षितता साधली.

काठावर कोण राहते तेही यावरच ठरते. वेडा राघू आणि खंड्या घरटी करतात ती उभ्या दरडीत चोचीने बीळ कोरून. त्यांना मऊ, पण न ढासळणारी आणि मुंगूस-सापाला चढायला अवघड अशी मातीची भिंत हवी असते, म्हणजे बाहेरचा काठ. टिटवी उघड्या गोट्यांत अंडी घालते, म्हणजे आतला काठ. हिवाळ्यात आलेले धोबी आणि चक्रवाकही उथळ पाण्याच्या बाजूलाच दिसतात. सांगली जिल्ह्यात आणखी एका रहिवाशाची दखल घ्यावी लागते. भिलवडी, औदुंबर आणि सांगलीच्या परिसरात कृष्णेत मगरी आहेत. माणसांवर हल्लेही झाले आहेत. मगर उन्हाला येते आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला अंडी घालते ती वाळूत, आणि बीळ करते ते काठाच्या मातीत. या पट्ट्यात वाळूवर उतरण्याचा मोह आवरावा आणि पाण्यात पाय सोडून बसणे तर टाळावेच.

चौकट : काठ कसा वाचावा?

*झाडाच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा, चिंध्या, प्लास्टिक जेवढे उंच, तेवढे गेल्या पुराचे पाणी उंच. दरडीच्या कडेला समांतर गेलेली लांब भेग म्हणजे तो तुकडा सुटायला आला आहे. तिथून किमान आठ-दहा पावले आतून चालावे. उन्हाळ्यात काळ्या मातीला पडणाऱ्या भेगा सगळीकडे जाळीसारख्या पसरलेल्या असतात, त्यांचे भय नाही. पाणी अचानक गढूळ झाले, त्यावर काटक्या-फेस वाहू लागला किंवा धरणाचा भोंगा ऐकू आला, तर वरच्या सपाटीवर यावे. आकाश निरभ्र आहे की नाही, हे पाहत बसू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चालण्याचे सर्वांत चांगले महिने. जमीन वाळलेली असते, पाणी निवळलेले असते आणि ऊन सोसवते.*

पाणी ओसरल्यावरचा धोका

पुरात काठावर जाऊ नये, हे सांगावे लागत नाही. पण काठ सर्वांत जास्त कोसळतात ते पाणी उतरताना आणि उतरल्यानंतरच्या दिवसांत. पूर चढलेला असताना दरडीची माती पाणी पिऊन जड होते, पण समोरचे पाणीच तिला टेकू देत असते. पाणी भराभर उतरले की टेकू जातो आणि वजन तसेच राहते. पाया तर आधीच पोखरलेला. मग उन्हात, कोरड्या दिवशी, कोणतेही निमित्त नसताना मोठा लगदा खाली जातो. पूर बघायला जमणारी गर्दी नेमकी अशा वेळी दरडीच्या टोकावर उभी असते.

दुसरी फसगत आकाशाची. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो, सांगलीला सहाशेच्या आसपास. म्हणजे सांगलीतून जाणारे पुराचे पाणी सांगलीत पडलेले नसतेच. ते दीडशे किलोमीटर वर, घाटमाथ्यावर पडलेले असते. ही दूरची नदी हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी आठवडाभर ठाण मांडून होते. सावित्री याच्या उलट. उतार तीव्र आणि अंतर थोडे असल्याने तिचे पाणी काही तासांत चढते. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल याच नदीच्या पुरात वाहून गेला. कृष्णा निदान सावध व्हायला वेळ देते.

घाट बांधणाऱ्यांचे शहाणपण

वाईत 1762 साली गणपतराव रास्त्यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ थेट नदीकाठच्या घाटावर आहे. त्याची मागची भिंत चौकोनी नाही, ती माशाच्या आकाराची निमुळती केलेली आहे, पुराचे पाणी दोन्ही अंगांना कापले जावे म्हणून. बांधणाऱ्याने पूर येणार हे धरूनच बांधले. तीनेक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागचा घाटही त्याच समजुतीचा. घाट म्हणजे मुळात पायऱ्यांचा काठ. पाणी चढले की खालच्या पायऱ्या बुडतात, वरच्या उघड्या राहतात, आणि उतरले की धुऊन पुन्हा वापरता येतात. पाण्याला अडवायचे नाही, त्याला चढायला जागा ठेवायची. नरसोबाच्या वाडीत हे आणखी पुढे गेले. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या दत्तमंदिरात पूर शिरतो आणि पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतो, तेव्हा तिथे ‘दक्षिणद्वार सोहळा’ होतो आणि त्या पाण्यात स्नान करायला भाविक जमतात. पूर हे संकट असले तरी तो घरी येणारच, म्हणून त्याची व्यवस्था आधीच लावलेली असते.

सांगलीजवळच्या हरिपुरात कृष्णा-वारणेचा संगम आहे. तिथल्या लोकांनी वरच्या जुन्या सपाटीचा उपयोग वेगळ्याच कामाला केला. या जाड, कोरड्या गाळात त्यांनी खोल पेवे खणली आणि त्यांत हळद साठवली. नेहमीचा पूर तिथवर येत नाही, या अनुभवावर तो सगळा व्यवहार उभा होता. 2005 च्या महापुरात पाणी पेवांत शिरले आणि कित्येक पेवे कायमची निकामी झाली. वरची सपाटीसुद्धा नदीनेच बांधलेली आहे, याची आठवण अशी अधूनमधून होते.

धरणे आहेत, मग भीती कशाला?

इथे एक रास्त शंका येते. आता कृष्णेवर धोम आहे, कोयनेवर शंभराहून अधिक टीएमसीचे धरण आहे, वारणेवर चांदोली आहे. पूर माणसाच्या हातात आला, मग काठाला जुन्या काळाची भीती का लावायची? शंकेत तथ्य आहे. धरणांमुळे लहान आणि मध्यम पूर नक्कीच कमी झाले. पण धरण ही ठरावीक मापाची जागा आहे. ते ऑगस्टमध्ये भरत आले की वरून येईल तेवढे पाणी खाली सोडण्यावाचून इलाज नसतो, आणि मोठे पूर नेमके भरलेल्या धरणांच्या काळातच येतात. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी आहे. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले. धरणांनी रोजचा पूर घालवला, पण मोठा ठेवला. त्यामुळे माणसे रोजच्या पुराची सवय विसरली आणि मोठ्या पुराच्या जागेत घरे बांधू लागली.

धरणांचा एक परिणाम थेट वाटेवर होतो. गाळ जलाशयात अडकतो आणि खाली येते ते ओझे नसलेले पाणी. अशा पाण्यात कण उचलण्याची ताकद शिल्लक असते, म्हणून ते आपलेच पात्र आणि काठ खरवडते. त्यात वाळूचा उपसा. पात्र खोल गेले की काठ तेवढाच उंच आणि उभा होतो, म्हणजे ढासळायला सोपा. खालच्या वाटेला नवा गाळ मिळेनासा होतो आणि ती दरवर्षी थोडी थोडी अरुंद होते.

मग सिमेंटची वाट का नको?

काठ ढासळतो तर भिंत घाला, वर फरशी बसवा, दिवे लावा, हा विचार सध्या शहरोशहरी आहे. पुण्यात मुळा-मुठेच्या काठच्या प्रकल्पावरून हाच वाद चालू आहे. या विचाराच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला, काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना, बाबागाडी ढकलणाऱ्या आईला मळईतली पाऊलवाट उपयोगाची नाही. ‘काठ नैसर्गिक ठेवा’ असे म्हणणारे बहुतेक जण धडधाकट पायांचे असतात, हे मान्य करावेच लागेल.

पण वाट टणक हवी, एवढ्यावरून ती पाण्याला खेटून हवी असे ठरत नाही. खालच्या पातळीवर भिंत घातली की नदीची रुंदी कमी होते. तेच पाणी अरुंद जागेतून जायचे तर ते उंच चढते आणि वेगाने जाते. गुळगुळीत भिंत त्याला अडवतही नाही. मग आघात बसतो तो भिंत संपते तिथे आणि समोरच्या काठावर. वळणाच्या बाहेरच्या अंगाला भिंतीचा पाया पोखरला जातो, आतल्या अंगाला भिंतीवर गाळ येऊन बसतो आणि दरवर्षी तो उपसत बसावा लागतो. दरडीतल्या बिळांची आणि वाळूतल्या अंड्यांची जागा जाते ती वेगळीच. महाराष्ट्रात नद्यांसाठी पूररेषा आखतात. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. दोन सपाट्यांची जी गोष्ट नदीने जमिनीवर लिहून ठेवली आहे, तिच्याच जवळपासचे काही या रेषा कागदावर सांगतात. निळ्या रेषेच्या आत मातीची पाऊलवाट, पायऱ्यांचे घाट आणि बुडली तरी चालतील अशा गोष्टी असाव्यात. चाकांना चालेल अशी टणक वाट, बाके आणि दिवे मागच्या उंच सपाटीवर न्यावेत. तिथून नदी दिसते, सावलीही तिथेच असते आणि भिंतीचा खर्च वाचतो. यासाठी नवे काही शोधायचीही गरज नाही. सांगलीहून हरिपूरकडे जाणारा झाडांमधला रस्ता असाच उंच काठावरून जातो. तो तीन-चार किलोमीटरांचा आहे, त्याला चढ नाही, आणि शेवटी संगमेश्वराच्या देवळाशी कृष्णा-वारणेचे पाणी एकत्र येताना दिसते. कऱ्हाडला तर कृष्णा उत्तरेकडून आणि कोयना दक्षिणेच्या अंगाने येऊन समोरासमोर भेटतात आणि दोघी मिळून पूर्वेला वळतात. तिथे प्रीतिसंगमाच्या बागेतून, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळून हे सगळे उंचावरून पाहता येते. ज्याचे पाय चालतात त्याने घाटाच्या पायऱ्या उतरून खाली वाळूपर्यंत जावे, अर्थात पाणी सोडल्याची सूचना नसेल तर.